पर्यवेक्षकाची सही

सही झाली, आणि मग जयवंताच्या लक्षात आलं की ती भलत्याच चौकटीत झाली आहे. उत्तरपत्रिकेच्या तळाशी दोन चौकटी शेजारीशेजारी होत्या. डावीकडे परीक्षार्थीची सही, उजवीकडे पर्यवेक्षकाची. तिचा हात तिला न विचारता उजवीकडे गेला, त्याने सरकन एक वळणदार रेघ ओढली, खाली दोन टिंबं दिली आणि पुढच्या बाकाकडे निघाल्यासारखा जरासा उचललाही गेला. पुढच्या बाकावर एक मोकळ्या केसांची पोरगी बैठक क्रमांकाचे गोल रंगवत होती. जयवंता उभी नव्हती, बसलेली होती. सहावी-सातवीच्या पोरांच्या मापाच्या त्या बाकात तिचे गुडघे लाकडाला टेकले होते आणि पदर खिळ्यात अडकू नये म्हणून तिने तो मांडीवर गोळा करून घेतला होता. दहावी म्हणा, शिष्यवृत्ती म्हणा, नवोदय म्हणा, आजवर तिने इतक्या पोरांच्या कागदांवर उजवीकडे सह्या केल्या होत्या, की डावीकडेही एक चौकट असते आणि तिथे कुणीतरी घाम पुसत नाव लिहीत असतं, हे त्या हाताला कुणी शिकवलंच नव्हतं. छातीत काहीतरी खाली घसरलं, विहिरीत दोरासकट बादली सुटावी तसं.

दोन्ही चौकटींच्या वरच बारीक अक्षरांत छापलं होतं की खाडाखोड केल्यास किंवा पांढरी शाई लावल्यास उत्तरपत्रिका रद्द समजली जाईल. ते वाचायची तिला गरज नव्हती. कित्येक वर्गांत तिने ते खणखणीत आवाजात वाचून दाखवलं होतं आणि वर स्वतःचं एक जोडलं होतं, ‘मग रडत माझ्याकडे यायचं नाही.’ आता डावीकडे सही करावी, तर दोन्हीकडे एकच सही दिसणार. म्हणजे परीक्षा देणारीही जयवंता पौनीकर आणि तिच्यावर नजर ठेवणारीही जयवंता पौनीकर. न करावी, तर ही परीक्षा दिली कुणी, याचा कागदावर पत्ताच नाही. तिने पेन बाकावर ठेवलं. पर्यवेक्षक आपल्यापाशी आले की सांगू. त्यात काय एवढं, माणूसच चुकतो. असं तिने स्वतःची समजूत घातली, आणि ती घालताना आपला आवाज मनातल्या मनातही शाळेतलाच निघतो आहे हे तिला ऐकू आलं.

तिची स्वतःची शाळा कोराडीच्या पलीकडे होती. जिल्हा परिषदेची. वीजकेंद्राच्या राखेचा पातळ थर सकाळी बाकांवर बसलेला असायचा. पोरं आधी बाक पुसायची, मग प्रार्थनेला उभी राहायची. तिथे ती तिसरीच्या वर्गाची बाई होती, आणि त्याआधी दुसऱ्या एका गावात पहिलीची. चोवीस वर्षं झाली होती. या चोवीस वर्षांत तू बाई आहेस का, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि आता विचारलं होतं. नोकरीत असा, केस पिकलेले असोत, शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हा. दोन वर्षांची मुदत आहे, नाही झालात तर घरचा रस्ता धरा. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षंसुद्धा उरली नव्हती, ते तेवढे सुटले. मुख्याध्यापिका कुसुमताई सुटल्या. मोबाइलवर न्यायालयाचा तो निकाल आला त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी जयवंताचा हात हातात घेतला होता. ‘माय वं, मी तं सुटली. तुह्यं कसं होईन वं जयवंता?’ असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या पाण्याच्या मागे, लपवूनही न लपणारा, एक हुश्श होता. जयवंताला त्यांचा राग आला नाही. तिला फक्त त्या क्षणी फार थकल्यासारखं झालं, आणि तो थकवा नंतर गेलाच नाही. रोज संध्याकाळी बसमधून उतरून गोळीबार चौकातल्या घरापर्यंत चालताना तो तिच्याबरोबर चालत यायचा.

पर्यवेक्षक तिशीचा होता. गळ्यातल्या ओळखपत्रावर मोठ्या अक्षरांत धम्मानंद लिहिलेलं होतं. डोळे लाल. मतदार याद्यांचं काम उरकून काल रात्री उशिरा घरी पोचलेला असणार, हे तिने एका नजरेत ओळखलं, कारण मास्तर माणसाचे डोळे लाल व्हायला दुसरं कारण नसतं. तो दाराकडच्या ओळीपासून एकेका बाकाशी थांबत होता. प्रवेशपत्रावरचा फोटो, समोरचा चेहरा, सही. फोटो, चेहरा, सही. वर्गात निम्मी बावीस-तेवीस वर्षांची पोरं आणि निम्मे तिच्यासारखे, चष्मा नाकावर खाली ओढून बारीक छपाई वाचणारे. खिडकीपाशी एक टक्कल पडलेले गुरुजी पेनाच्या टोपणाने कान खाजवत होते. धम्मानंद तिच्या ओळीत आला तशी तिने वाक्याची जुळणी केली. सर, एक गडबड झाली. नको, गडबड नको. सर, सवयीने माझ्याकडून. तो बाकाशी आला, त्याने प्रवेशपत्र उचललं, आणि नेमकं त्याच वेळी दारातून कुणीतरी विचारलं की गैरहजर किती. त्याने मान तिकडे वळवली, एक डोळा तिच्या कागदावर टाकला, तळाशी सहीची वेलांटी दिसली असावी, आणि म्हणाला, ‘झालं ना मॅडम?’

‘हाव,’ जयवंता म्हणाली.

तो स्वतःची सही न करताच पुढे गेला. तिच्या तोंडून तो शब्द इतका सहज गेला की तो आपलाच का, असं तिला वाटलं. चोवीस वर्षं तिला सगळं झालंच होतं. हजेरी झाली का, हाव. पोषण आहाराची माहिती भरली का, हाव. जंतनाशक गोळ्या दिल्या का, हाव. वरून कुणी ‘झालं ना?’ म्हटलं की खालून ‘हाव’ म्हणायचं, ही तिच्या खात्याची जुनी रीत. खरोखर झालं आहे का, हे नंतर निवांत बघायचं. निवांत बघायला बसलं की सात-आठ कामं राहिलेली निघत, आणि मग ती घरी आणून करावी लागत. आज घरी नेता येण्यासारखं काही नव्हतं. बेल झाली, प्रश्नपुस्तिका आल्या, सगळ्यांनी एकदम पानं उलटली आणि तो फडफडाट ओळखीचा असूनही तिला परका वाटला, कारण आजवर तो तिने वरून ऐकला होता, खाली बसून नव्हे.

पहिला भाग बालमानसशास्त्राचा. या भागाची ऋतुजाने तिच्याकडून घोकंपट्टी करून घेतली होती. ऋतुजा तिची मुलगी. डी. एड. झालेली, या परीक्षेचा पहिला पेपर दोन वर्षांपूर्वीच काढलेली, भरतीची वाट बघत घरी बसलेली. दुसरा पेपर तिला आज दुपारी याच शाळेत द्यायचा होता. म्हणून मायलेकी सकाळी एकाच स्कूटीवर आल्या होत्या, एकच डबा घेऊन. रोज रात्रीची भांडी झाली की ऋतुजा पुस्तक घेऊन बसायची आणि आईला समोर बसवायची. ‘लक्ष कुठं आहे तुह्यं?’ असं ती खेकसायची तेव्हा जयवंताला हसू यायचं, कारण हा सूर, ही भुवई, पुस्तकावर बोट आपटायची ही तऱ्हा पोरीने जिच्याकडून उचलली ती बाई तीच होती. पण हसू फार टिकायचं नाही. विचारवंतांची नावं तिच्या डोक्यात थांबत नव्हती. विकासाच्या अवस्था एकमेकींत मिसळत होत्या. तिला मुलं नावानिशी आठवायची. अमुक अवस्था म्हटलं की तिला कुणाचं तरी गळकं नाक दिसायचं. ‘आई, तू वर्गात काय करते ते नाही विचारून राहिले ते,’ ऋतुजा शेवटी वैतागून म्हणाली होती. ‘काय करायला पाहिजे ते विचारून राहिले. तू तुह्या पोरायले घरी ठेवून पेपरले जाय.’

पण पोरं कुठे घरी राहतात. नववाच प्रश्न होता. वर्गातील एखादे मूल वारंवार खिडकीबाहेर पाहत असल्यास शिक्षक या नात्याने आपण प्रथम काय कराल? त्याची जागा बदलेन. पालकांना कळवीन. अध्यापनात शैक्षणिक साधनांचा वापर वाढवीन. समुपदेशनासाठी पाठवीन. जयवंताने प्रश्न वाचला आणि खिडकीपाशी करिष्मा येऊन बसली. तिसरीतली करिष्मा, दोन वेण्या, एक रिबिन नेहमी सुटलेली. तिचा बाप राखेचा ट्रक चालवायचा. दुसऱ्या तासाला कधीतरी तो शाळेसमोरून जायचा आणि जाताना दोनदा हॉर्न द्यायचा. तो जाईपर्यंत करिष्माचे डोळे रस्त्यावर. पहिले काही दिवस जयवंता रागावली होती. मग एकदा तिने विचारलं, काहून वं बाहेर पाहते? पोरगी म्हणाली, ‘बाई, माह्या बाबाचा ट्रक जाते न.’ त्यानंतर जयवंताने गणिताची वेळच सरकवली. ट्रक जाईपर्यंत कविता म्हणायच्या, पाढे म्हणायचे, काहीही तोंडी चालवायचं. बाहेर दोन हॉर्न झाले की विचारायचं, ‘गेला का वं?’ करिष्मा म्हणायची, ‘गेला बाई,’ आणि सगळा वर्ग म्हणायचा, गेला बाई, आणि मग पाट्यांवर वजाबाकी सुरू व्हायची. हे या चार पर्यायांत कुठे बसत होतं? कुठेच नाही. तिने बराच वेळ त्या चार गोलांकडे पाहिलं. मग तिसरा गोल काळा केला, शैक्षणिक साधनांचा, कारण बरोबर तोच होता. तो रंगवताना तिला वाईट वाटलं. पोरीला उचलून भिंतीकडे तोंड करून बसवल्यासारखं वाटलं.

उजव्या कोपऱ्यातली ती सही दर पानाला डोळ्यांसमोर यायची. उत्तरपत्रिका एकच, त्यामुळे कुठलाही गोल रंगवायला गेलं की ती दिसायचीच. एकदा तिने तिच्यावर प्रश्नपुस्तिकेचा कोपरा ठेवून पाहिला. तरी ती खाली आहे हे कळत होतं. आता सांगावं का? आता सांगायचं म्हणजे मघाशी ‘हाव’ का म्हणालात, हे आलं. ती स्वतः पर्यवेक्षक असती आणि अर्ध्या पेपरात कुणी असं काही सांगितलं असतं, तर तिच्या मनात पहिल्यांदा संशयच आला असता. आणि न सांगावं तर? गठ्ठ्यात जाईल, यंत्रात जाईल. यंत्र सह्या बघत असेल का? की गोलच बघत असेल? गोलच बघत असेल तर सुटलो. हा ‘सुटलो’ मनात आला आणि तिला कुसुमताईंचे डोळे आठवले. सुटण्याचं सुखही बघा कसं असतं, ते दुसऱ्याला दाखवता येत नाही. पाच-सहा महिन्यांपूर्वी घरी जेवताना ऋतुजा गमतीने म्हणाली होती, ‘टेन्शन काहून घेते आई? तू पास नाही झाली तं एक जागा खाली होईन न. मी लागून जाईन.’ श्रीधर, तिचा नवरा, कळमेश्वरच्या कारखान्यातून पाळी करून आलेला, घास तोंडात धरून थांबला. कुणी हसलं नाही. ऋतुजाच्या ध्यानात आलं आणि ती पटकन उठून पाणी आणायला गेली, पाण्याचा तांब्या ताटापाशी भरलेला असताना. जयवंताला त्या वेळी राग यायला हवा होता, पण तिच्या मनात आलं की पोरगी खोटं काय बोलली? तिच्यासारख्या किती पोरी पास होऊन जागेची वाट बघत बसल्या आहेत आणि जागेवर बसलेली ही, नापासांत जमा. ही गोष्ट तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती. पण त्या रात्रीपासून अभ्यासाला बसलं की तिला वाटायचं, आपण आपल्याच पोरीकडून तिच्याविरुद्धची तयारी करून घेतो आहोत.

इंग्रजीचे उतारे आले. डोळ्यांपुढे अक्षरं पोहू लागली. तिने चष्मा काढून पदराने पुसला. पदर खांद्यावरून सैल झाला होता, कारण दारात तपासणीला बसलेल्या बाईने पिना काढून ठेवायला सांगितल्या होत्या. आज तिने मुद्दाम कडक इस्त्रीची सुती साडी नेसली होती. परीक्षेला कुणी नटून जातं का, ऋतुजा म्हणाली होती. नटली नव्हती ती. तिचे बाबा, गोपाळराव, त्या दिवशी मागावर शर्ट घालून बसले होते, तसं होतं ते. बाबा विणकर. घरातच जमिनीत खड्डा करून माग बसवलेला, खड्ड्यात पाय सोडून ते दिवसभर विणायचे, अंगात फक्त बंडी. लहानपणी तिचं काम सांधायचं. जुना ताणा संपत आला की त्याच्या टोकांना नव्या ताण्याचा एकेक धागा पिळून जोडायचा. बोटं घसरू नयेत म्हणून चिमूटभर राख घ्यायची, आणि धागा पिळायचा, धागा पिळायचा, पाठ मोडून जाईपर्यंत. कोराडीला बदली झाली तेव्हा पहिल्याच दिवशी बाकावर बोट फिरवून तिने ते बोट अंगठ्याशी चोळलं होतं. तिला घर आठवलं होतं.

तर ती नववीत असताना कुठल्याशा योजनेसाठी विणकरांची ओळखपत्रं निघणार होती आणि माणूस खरंच विणकर आहे की नाही हे बघायला एक तरुण साहेब घरी आले होते. ‘काका, वीतभर विणून दाखवा,’ ते म्हणाले. बाबांनी शर्ट चढवला. जयवंताला तो शर्टच चुकीचा वाटला होता. बाबा मागावर बसले, धोटा फेकला आणि धागा तुटला. त्यांनी तो जोडला. पुन्हा तुटला. जन्मभर झोपेतसुद्धा ज्यांचे हात धोटा फेकायचे, त्यांना एक वीत जमेना. ती दाराला धरून उभी होती आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. साहेब चांगले होते. ‘होते काका, असं होते,’ म्हणाले, काहीतरी लिहून घेतलं आणि गेले. ओळखपत्र आलं की नाही, हे आता तिला आठवत नव्हतं. बाबा खड्ड्यातून वर आले, त्यांनी शर्टाची बटणं काढली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, ‘कोणी पाहून राहिलं की हात लाजते, पोरी.’ मग दोन-तीन वर्षांत माग विकला गेला. त्याच्या जागी फरशी बसवली. फरशीच्या त्या तुकड्यावर बाबा कधी पाय ठेवत नसत, कडेने जात. तिला नोकरी लागली तेव्हा ते म्हणाले होते, ‘तुह्यं बरं झालं. तुह्यं काम कोणी यंत्रावर नेऊ शकत नाही.’ ते गेले तेव्हा तेवढ्या समाधानात गेले. जयवंताने समोरच्या कागदावरच्या काळ्या गोलांच्या रांगांकडे पाहिलं.

गणिताला मात्र तिचा हात चालला. अपूर्णांक, घड्याळ, शेकडेवारी. कुठे पोरं चुकतात आणि कुठल्या चुकीतून कुठलं उत्तर निघतं, हे तिला इतकं पाठ होतं की पर्याय बघितल्याबरोबर त्यातला चुकीचा प्रत्येक आकडा कुणा ना कुणा पोराचा म्हणून ओळखू यायचा. हातचा विसरलेला, शून्य खाल्लेला, उलटा भागलेला. या भागात तिला क्षणभर बरं वाटलं. मग परिसर अभ्यास, आणि शेवटच्या दहा मिनिटांची बेल. खालच्या डाव्या चौकटीत पांढरा कागद तसाच होता. तिने पेन तिच्यावर नेलं. एक सही करायची, बस्. कुणी बघत नव्हतं. धम्मानंद खिडकीपाशी जांभई दाबत उभा होता. पण समोर फळ्याच्या वर कॅमेरा होता आणि तिचा हात तिथेच अडला. नाव विसरल्यासारखा. ज कसा काढतात, हे त्याला आठवेना. तिने पेन मागे घेतलं, राहिलेले तीन गोल रंगवले आणि पुन्हा त्या चौकटीशी आली, आणि तेवढ्यात शेवटची बेल झाली.

‘पेन खाली ठेवा! कोणी लिहायचं नाही आता,’ जयवंता म्हणाली.

हे ती मोठ्याने म्हणाली होती. अगदी वर्गभर ऐकू जाईल असं, भिंतीवर आपटून परत येईल असं. आणि सगळ्यांनी पेनं खाली ठेवली. मोकळ्या केसांच्या पोरीने अर्धा रंगवलेला गोल तसाच सोडला. टक्कल पडलेल्या गुरुजींनी हात वर केले. धम्मानंदचं तोंड उघडायचं होतं ते तसंच राहिलं. मग कुणीतरी मागून फिस्सकन हसलं, आणि सगळा वर्ग हसला, थकलेलं, सुटलेलं हसू. हसली नाही ती एकटी जयवंता. तिच्या कानशिलांत गरम झालं होतं. तिचंही पेन खाली होतं. आता तिनेच सांगितलं होतं की कुणी लिहायचं नाही.

धम्मानंद उत्तरपत्रिका गोळा करत आला. ‘मॅडम, तुम्ही तं आमचं काम हलकं केलं,’ तो हसत म्हणाला आणि त्याने तिचा कागद उचलला. या वेळी दारातून कुणी हाक मारली नाही. तो कागदाच्या तळाशी थांबला. ‘मॅडम, तुमची सही राहिली.’

‘सर, ती बाजूची सही माझी आहे. तुमच्या जागी केली मी. सवयीनं झाली.’

‘मंग मघाशी मी विचारलं तं...’

‘हाव म्हणाली मी. तेही सवयीनंच.’

त्याने कागद जवळ धरला, दूर धरला. पुढच्या ओळीतली माणसं उठायला लागली होती, बाकं करकरत होती. तो खाली वाकला आणि हळू आवाजात बोलला. ‘करून टाका न मॅडम सही. हे घ्या पेन. मी माही सही खाली करतो जराशी, जागा आहे इथं. कोण पाहून राहिलं?’ आणि असं म्हणताना त्याची नजर फळ्यावरच्या कॅमेऱ्याकडे गेली आणि परत आली. तो घाबरला होता. त्याची नोकरी तिच्यापेक्षा किती तरी नवी होती. घरी लेकरं असतील. त्याचं पेन तिच्यासमोर तसंच धरलेलं होतं, आणि जयवंताच्या मनात खरोखर आलं की घ्यावं. घ्यावं, सही करावी, डबा खावा, घरी जावं, उद्या बाक पुसून घ्यावेत, ट्रक जाईपर्यंत पाढे म्हणावेत. तिला हे इतकं हवं होतं की तिचा हात बाकावरून निम्मा उचललाही गेला.

‘बेल झाली सर,’ ती म्हणाली.

‘झाली,’ तो म्हणाला. पेन मागे गेलं. मग तो तिच्याकडे बघत राहिला. पेपर कठीण गेला की पोरं बाईंकडे बघतात, तशा डोळ्यांनी. ‘मले तं काही समजून नाही राहिलं मॅडम. माही पहिलीच वेळ आहे ही. तुम्ही इथं असत्या तं काय केलं असतं?’

हे तिला पाठ होतं. या प्रश्नाला चार पर्याय नव्हते. ‘हा पेपर गठ्ठ्यात टाकायचा नाही,’ ती म्हणाली. ‘वेगळ्या पाकिटात घालायचा. केंद्रसंचालकायकडे द्यायचा आणि सोबत काय झालं ते लिहून द्यायचं. माझ्याकडूनही लिहून घ्या. तुम्ही त्यावर सही नका करू. तुमच्यावर येईन.’

‘रद्द होऊ शकते मॅडम.’

‘होऊ शकते,’ जयवंता म्हणाली. तिचा आवाज शाळेतलाच होता, स्वच्छ आणि जरासा रागीट, आणि तो वापरून झाल्यावर तिच्या अंगात काही उरलं नाही. ती बाकातून उठली. खाली कार्यालयात केंद्रसंचालकांनी तिला कागद दिला, तिने उभ्याउभ्या चार ओळी लिहिल्या आणि खाली नाव घातलं. इथे सही सरळ आली. केंद्रसंचालक म्हणाले, कळवण्यात येईल. म्हणजे कळवणार कधी आणि काय, हे तेही सांगू शकत नव्हते, आणि चोवीस वर्षांच्या अनुभवानं तिने विचारलंही नाही.

फाटकाबाहेर कडुनिंबाखाली ऋतुजा स्कूटीच्या सीटवर डबा मांडून बसली होती, दुपारच्या पेपराचं पुस्तक मांडीवर. आजूबाजूला माणसं घोळक्यांनी उभी होती, कुठलं उत्तर बरोबर यावर वाद घालत होती. वर्षानुवर्षं जयवंता शिष्यवृत्तीच्या परीक्षेला आपल्या पोरांना घेऊन यायची आणि अशीच फाटकाशी थांबायची. ऋतुजा तेव्हा लहान, तिचं बोट धरून उभी असायची. बाहेर येणाऱ्या प्रत्येक पोराला जयवंता विचारायची, कसा गेला रे. जो म्हणायचा कठीण होता, त्याची तिला काळजी नसे. घरी जाताना बसमध्ये ती ऋतुजाला सांगायची, ज्यानं सोपा होता म्हटलं न, त्याचं काही खरं नाही बघ. हे तिने पोरीला इतक्यांदा सांगितलं होतं की पुढे पोरगीच बोटानं दाखवायची, आई, तो गेला.

‘किती उशीर वं आई! सगळे केव्हाचेच बाहेर आले. कसा गेला पेपर?’ ऋतुजाने पुस्तक मिटलं आणि डब्याचं झाकण काढलं. पोळ्यांचा वास आला. तिला आता दोन तासांनी आत जायचं होतं.

‘सोपा होता,’ जयवंता म्हणाली.

ऋतुजाने तिच्याकडे पाहिलं, आणि डब्याचं झाकण परत लावलं.